एनक्लेक्स-आरएन: ‘सर्वात आधी काय कराल?’
(अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या या परीक्षेसाठी सोलापुरातल्या आमच्या तयारी वर्गात येणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरसाठी)

जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग करून काही वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर आमच्याकडे येते, तेव्हा तिचा हात पक्का बसलेला असतो. सराव परीक्षेत मात्र तिचे गुण बहुतेक एकाच जागी जातात: पर्यायांत ‘डॉक्टरांना कळवा’ दिसलं, की ती तिथेच टिक करते. आपल्याकडच्या वॉर्डांची ती शिस्तच आहे, म्हणून दोष तिचा नाही. पण ही परीक्षा बघते, ते डॉक्टरांना फोन करण्याआधी नर्स स्वतः काय करते.

एक उदाहरण घ्या. रक्त चढवायला सुरुवात करून पंधरा मिनिटं झाली. पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखतेय, ताप चढतोय. पहिलं काम रक्त बंद करणं. मग सेट बदलून नव्या नळीतून नॉर्मल सलाईन चालू ठेवायचं, जुन्या सेटमधून नाही, कारण नळीत उरलेलं रक्त पुन्हा शिरेत जाईल. डॉक्टरांना आणि रक्तपेढीला कळवायचंच, पण रक्त थांबल्यावर. पिशवी आणि सेट फेकायचे नाहीत, तपासणीला परत पाठवायचे.

दुसरा प्रश्नप्रकार: चार पेशंट, आधी कोणाकडे जाल? सीओपीडी (फुप्फुसांचा जुना, दम लागणारा आजार) असलेल्या आजोबांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०, आणि इन्सुलिन घेतलेल्या बाई घामाघूम, बोलणं असंबद्ध, शुगर घसरून ५२. बरेच जण आजोबांकडे धावतात. पण सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, म्हणजे त्यांचं ९० ठीक आहे. धावायचं बाईंकडे. तिथेही त्या शुद्धीवर आहेत का, गिळता येतंय का, हे बघूनच साखरपाणी द्यायचं.

काम वाटून देण्याचे प्रश्नही आपल्याला अवघड जातात, कारण इथे निम्मी सेवा नातेवाईक आणि मावशी करतात. परीक्षेत स्थिर पेशंटचे व्हायटल्स (नाडी, ताप, बीपी) घेण्याचं काम सहाय्यकाला देता येतं. तपासून अंदाज बांधणं आणि पेशंटला समजावून सांगणं नर्सकडेच राहतं.

परीक्षेचं स्वरूप थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून नवी पद्धत आहे. प्रश्न ८५ ते १५०, वेळ ५ तास, त्यातच विश्रांती. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो, मागे जाता येत नाही. ८५ वर परीक्षा बंद पडली म्हणून पास किंवा नापास असं काही ठरत नाही, त्यामुळे आकडा बघून घाबरू नका. एकाच पेशंटवर सहा प्रश्नांच्या केस स्टडी असतात. ‘लागू असलेले सर्व निवडा’ प्रकारात चुकीची टिक बरोबर टिकेचा गुण खाते, तेव्हा अंदाजाने टिक करत सुटू नका. नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. केंद्र सोलापुरात नाही. हैदराबाद आणि मुंबईत आहे, आपल्याला हैदराबाद जवळ.

वर्ग ड्युटी बघून ठरतो. नाइट करून थेट येऊ नका, झोप काढून या. व्हिसा आणि नोकरीची कामं आम्ही करत नाही, आणि पास करून देण्याची हमी देणाऱ्या कोणाकडेही पैसे भरू नका. पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक नको. तुमच्या वॉर्डात अडलेला एक प्रसंग, पेशंटचं नाव न सांगता, लिहून आणा. पहिला तास त्यावरच चालेल.