मागची सीट काढली, तोल कुठे गेला?

कडब्याची गाडी भरताना आबा स्वतः कधी वर चढत नसत. बैल सोडलेले असायचे. आबा जुवाजवळ उभे राहायचे, जू हातानं जरासं उचलून पाहायचे आणि वर पेंढ्या रचणाऱ्या पोरांना ओरडायचे, "पुढे सरका रे, गाडी उलाळ व्हई राह्यनी!" भार मागे गेला की जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्यातली जोती आवळतात. पुढे जास्त झाला तर त्यांची मान दबते. गाडीवर एकूण किती क्विंटल माल आहे याची आबांना फारशी फिकीर नसे. तो आसाच्या कुठल्या बाजूला किती आहे, एवढंच ते हातानं तोलत.

हीच गोष्ट विमानवाल्यांना कागदावर करावी लागते. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात, ती पाहताना मला हटकून आबांचा तो हात आठवतो.

समजा, एखाद्या हौशी माणसाकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं चार जणांचं विमान आहे. मागच्या बाकावर कोणी बसत नाही, तर ते काढून टाकावं असं त्याला वाटतं. कधी कॅमेरा ठेवायचा असतो, कधी सायकल, तर कधी नुसतं वजन कमी करायचं असतं. काम तसं अर्ध्या तासाचं आहे. चार बोल्ट किंवा खिट्ट्या आणि पट्ट्यांचे हूक काढले की बाक दारातून बाहेर येतं. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो.

विमानात एक ठरावीक जागा शून्य मानतात. सेस्ना १७२ या १९५६ पासून बनत आलेल्या विमानात ती इंजिन आणि केबिन यांच्यामधली पोलादी भिंत असते. तिथून पुढची सीट साधारण ९४ सेंटिमीटरवर आणि मागची १८५ सेंटिमीटरवर येते. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले तिचं शून्यापासूनचं अंतर, या सगळ्याची बेरीज भागिले एकूण वजन, म्हणजे गुरुत्वमध्य. आठवी-नववीच्या तरफेच्या धड्यातलंच हे गणित.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. रिकामं विमान ६५० किलोचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य १०० सेंटिमीटरवर आहे. गुणाकार झाला ६५,०००. बाक १० किलोचं, १८५ सेंटिमीटरवर, म्हणजे १,८५० वजा. उरले ६३,१५० आणि वजन ६४०. भागाकार येतो ९८.७. गुरुत्वमध्य १.३ सेंटिमीटरनं पुढे सरकला. हेच १० किलो बरोबर १०० सेंटिमीटरवरून काढले असते, तर तो जागचा हलला नसता.

सव्वा सेंटिमीटरनं काय होतंय, असं वाटेल. पण सेस्ना १७२ हलकी असताना तिचा गुरुत्वमध्य फार तर ३१ सेंटिमीटरच्या पट्ट्यात मागे-पुढे होऊ शकतो. त्या पट्ट्याबाहेर गेलं की विमान कायद्यानंही उडवता येत नाही आणि शहाणपणानंही. त्यात वैमानिक एकटाच पुढे बसला, तर तोल आणखी पुढे जातो.

इथे बैलगाडी आणि विमान यांच्यात एक फरक आहे. विमानाचा भार पंखांच्या उचलीपेक्षा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात आणि शेपटीचा आडवा पंख हवेत खाली दाब देऊन ते नाक सावरून धरतो. का? वेग फार कमी झाला, पंखांची उचल तुटली, की नाक आपोआप खाली झुकावं, वेग परत मिळावा आणि विमान सावरावं म्हणून. कागदाच्या विमानाच्या टोकाला टाचणी लावून फेका, मग तीच टाचणी शेपटीला लावून फेका. पहिलं घसरत पुढे जाईल, दुसरं नाक वर करून तिथल्या तिथे गटांगळ्या खाईल. खरं विमान असं उलाळ झालं आणि गिरकीत सापडलं, तर त्यातून बाहेर पडणं कठीण होऊन बसतं.

मग बाक काढून नाकजड होणं बरंच म्हणायचं? एका मर्यादेपर्यंत, हो. पण नाक जड झालं की शेपटीला जास्त खाली दाबावं लागतं आणि तो दाबही शेवटी पंखांनाच पेलावा लागतो. म्हणजे काट्यावर विमान हलकं झालं, तरी काढलेल्या वजनाचा थोडा भाग पंखांच्या मानेवर परत बसतो. उतरताना नाक वर धरणं जड जातं. बऱ्याच जुन्या विमानांना तिसरं चाक शेपटीखाली असायचं. अशा नाकजड विमानाला जोरात ब्रेक लावला, तर ते पुढे कलंडून नाकावरचा फिरता पंखा जमिनीत रुतू शकतो.

पायपर कबमध्ये तर मागची सीट काढायचा विचारच सोडावा. १९३८ मध्ये आलेल्या या विमानात दोन माणसं एकामागे एक बसतात, आणि एकटा वैमानिक मागच्याच सीटवर बसतो. पेट्रोलची टाकी नाकाजवळ, इंजिन तर त्याही पुढे. एकटा माणूसही पुढे बसला तर तोल जातो. टायगर मॉथ या दोन जागांच्या जुन्या विमानातही एकटा वैमानिक मागेच. तिथली पुढची जागा गुरुत्वमध्याच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे कोणी बसो वा न बसो, फारसं बिघडत नाही. आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं १९५८ मध्ये उडवलेल्या 'पुष्पक'मध्ये शेजारी-शेजारी दोनच जागा होत्या. पुराणातल्या पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी उरायची. या पुष्पकात काढायलासुद्धा मागची सीट नव्हती.

वजन कमी करण्याचा ध्यास मात्र जुना आहे. १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्यानं साडेतेहतीस तासांत उडणाऱ्या लिंडबर्गनं रेडिओ आणि पॅराशूट घरीच ठेवलं होतं आणि बसायला वेताची खुर्ची घेतली होती. मोठी टाकी त्यानं आपल्या पुढे बसवली, गुरुत्वमध्याच्या जवळ. पेट्रोल संपत जाईल तसा तोल ढळू नये हे त्यामागचं एक कारण. त्या टाकीमुळे समोरचं थेट काही दिसत नव्हतं, ते त्यानं चालवून घेतलं.

आपल्याकडे हा ध्यास मे महिन्यात कळतो. १५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की तिची घनता नऊ टक्क्यांहून जास्त घटते. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे, पण ४५ अंशांच्या दुपारी तिथल्या विमानाला हवा मिळते ती साधारण १,३०० मीटर उंचीवरची. म्हणजे धावपट्टी जळगावची आणि हवा जवळपास महाबळेश्वरइतकी विरळ, फक्त थंडावा सोडून! इंजिनाला प्राणवायू कमी, पंख्याला ढकलायला हवा कमी, पंखांनाही उचल कमी. ६५ अश्वशक्तीच्या कबचं रिकामं वजन सुमारे ३४७ किलो आणि कमाल वजन ५५३. दोन धडधाकट माणसं धरा १६० किलो, भरली टाकी सुमारे ३३. बाकी उरतात १३ किलो. अशा विमानात १० किलो म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

बाकाचं अजून एक काम असतं, ते काढेपर्यंत लक्षात येत नाही. त्याची पाठ सामानाला पुढे येण्यापासून अडवते. विमान आपटून थांबलं आणि त्या क्षणी वेग गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोरानं तुटला, तर १० किलोची पेटी ९० किलोच्या भारानं वैमानिकाच्या पाठीवर येते. म्हणून रिकाम्या जागी काही ठेवायचं तर ते पट्ट्यांनी जमिनीला जखडावं लागतं, आणि तिथली जमीन किती भार घेते तेही पाहावं लागतं. बाक उचलल्यावर खाली बहुधा नाणी, पेन्सिली, एखादा स्क्रू सापडतो. हसून खिशात टाकण्यासारखी ही गोष्ट नाही. शेपटीचे हलते भाग ओढणाऱ्या तारा याच बाजूनं जातात. विमानाचा ताबा सुटायला कप्पीत अडकलेली एक पेन्सिलही पुरेशी असते.

सगळं झालं की नवा हिशेब परवानाधारक इंजिनिअरच्या सहीनं विमानाच्या कागदपत्रांत चढतो. जुन्या विमानांचे कागद चार-पाच मालकांच्या हातांतून गेलेले असतात, त्यात रंगाचे थर चढलेले, रेडिओ बदललेले. त्यामुळे मी असतो तर वजाबाकीवर न थांबता विमान काट्यावरच चढवलं असतं. तीन चाकांखाली तीन काटे, मागचं चाक शेपटीखाली असेल तर शेपूट घोडीवर उचलून विमान उड्डाणात असतं तसं आडवं, आणि हँगरची दारं बंद. दारं बंद, कारण वारा आला की उभ्या विमानाचे पंखही थोडी उचल घेतात आणि काट्यावरचे आकडे डोलायला लागतात. धुळ्याकडे वाऱ्याची कमी नाही, साक्रीच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. आबाही वावटळ उठली की जू खाली टेकवायचे आणि ती निघून जाईपर्यंत बिडी पेटवून थांबायचे.