‘बेअरिंग चालतंय की अजून!’

साताऱ्यात गॅरेजच्या बाकड्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं: क्लच प्लेट तेवढी बदला, बेअरिंग आवाज करत नाही ना, मग राहू दे. ऐकायला काटकसर वाटते, पण हिशेब उलटा आहे.

प्लेट असो वा हे बेअरिंग (क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग), दोन्हीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. खरी मजुरी तिथे जाते. जुनं बेअरिंग पुढे वाजायला लागलं, की तीच मजुरी पुन्हा. आणि ते वाजत नाही म्हणजे धड आहे, असंही नाही. क्लचचं पेडल दाबलं की हे बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगच्या पाकळ्यांवर दाबतं आणि फिरतं. त्यातलं ग्रीस आतच सीलबंद असतं. ते सुकत आलेलं बाहेरून कळत नाही. काही जण तर बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊन ‘नवं’ करतात. त्यानं उरलंसुरलं ग्रीसही जातं!

आवाज ओळखायचा साधा नियम: गाडी न्यूट्रलला चालू ठेवून पेडल दाबल्यावर घरघर आली, तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज थांबला, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग.

पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताना इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तेव्हा प्लेट घसरतेय. मग प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा सेटच टाका, आणि फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर घासते त्या इंजिनच्या जड चाकावर) जास्त तापल्याचे निळे डाग आहेत का, तेही मेस्त्रींना तेव्हाच पाहायला सांगा.