‘नाही, तशी नाही’

खऱ्या माणसाशी नाजूक बोलणे करण्याआधी सराव करायचा कोणावर? हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये एका निरोगी बाईंना रुग्णाची भूमिका शिकवून वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे बसवले. ही भूमिका आता संगणकाच्या पडद्यावरची, यंत्राने चालवलेली पात्रेही करतात.

पात्र खरे वाटावे म्हणून सगळे आधी चेहऱ्याच्या मागे लागतात. मला ती मेहनत बरीचशी वाया गेलेली वाटते. जवळजवळ माणसासारखी, पण पुरती नव्हे, अशी आकृती अंगावर काटा आणते, हे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरींनी १९७० मध्येच मांडले होते. उलट संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांच्या १९६६ च्या ‘एलायझा’ या गप्पा मारणाऱ्या संगणक प्रोग्रामला चेहराच नव्हता. टाइप केलेलेच वाक्य ती प्रश्न करून परत टाकायची. तरी तिच्याशी एकांतात बोलता यावे म्हणून त्यांच्याच सेक्रेटरीने वायझेनबामना खोलीबाहेर जायला सांगितले!

खरी मेख वेळेत आहे. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद लागतात, असे दहा भाषांच्या एका अभ्यासात २००९ मध्ये दिसले. एवढ्यात वाक्य जुळत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपले उत्तर शिजत असते. पात्र दोन सेकंद गप्प राहिले की शिकणारा चपापतो, आपण दुखावले की काय? यंत्र बिचारे नुसते आकडेमोड करत असते. पण धडा चुकीचा गेलाच.

या पात्रांना बोलते करणाऱ्या भाषेच्या मोठ्या मॉडेलांची (चॅटजीपीटीसारख्या प्रणालींमागची यंत्रे) खोड वेगळीच. ती फार गुणी. ‘काय होतंय?’ विचारले की सगळे ओकून मोकळी. माणूस असा नसतो.

‘दारू घेता?’
‘नाही, तशी नाही.’

सगळी गोम त्या ‘तशी’त. ‘किती घेता ते सांगा’ असे दरडावले तर पात्राने ‘नाही म्हटलं ना’ म्हणून दार लावून घ्यायचे. आधी झोपेची चौकशी झाली असेल, तर हळूच ‘रात्री थोडी’ म्हणायचे. म्हणून पात्र लिहिणाऱ्याने आधी ठरवायचे, ते काय लपवते आणि कशाने उघडते. आत ‘विश्वास’ नावाचा एक आकडा प्रत्येक वाक्यागणिक वरखाली होतो.

हा आकडा किती वेगाने सावरू द्यायचा, यावर सर्वांत जास्त डोकेफोड होते. दुसऱ्या मिनिटाचा टोमणा आठव्या मिनिटालाही बोचत राहिला, तर विद्यार्थी हात टेकतो. पुढच्याच वाक्याला विसरला गेला, तर टोमणे खपतात असे तो शिकून जातो.