वावर बाईच्या नावावर: शरद जोशी आणि लक्ष्मीमुक्ती

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी म्हटलं की आपल्या विदर्भात कापसाचा भाव, रास्ता रोको न् छातीवरचा लाल बिल्ला एवढंच आठवते. आणि नव्या पोरांना माहीत असलंच तर हे, की 9 मार्च 2010 ला राज्यसभेत लोकसभा-विधानसभेत बायांना जागा राखीव ठेवणाऱ्या महिला आरक्षण बिलाला 186 मतं बाजूनं पडली, विरोधात फक्त 1, आणि ते एक मत जोशींचं. मग पोरं म्हणतात हा माणूस बायांच्या विरोधातला. थोडं मागं जाऊन पाहा ना.

नोव्हेंबर 1986, चांदवड, नाशिक जिल्हा. शेतकरी संघटनेनं तिथं खास बायांचं अधिवेशन घेतलं, इतक्या बाया आल्या की मैदान पुरलं नाही, विदर्भातूनही पुष्कळ गेल्या. निंदण, वेचाई, ढोरं, चूल सगळं बाईच करते आणि मालक म्हणून नाव कोणाचं, हा प्रश्न तिथून उघड बोलला जाऊ लागला. पुढं 1989 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात बायांचं पॅनल ग्रामपंचायतीवर निवडून आलं. तेव्हा ग्रामपंचायतीत बायांना 30 टक्के आरक्षणही आलं नव्हतं, बाया स्वतःच्या दमावर आल्या, हे लक्षात ठेवा, पुढं कामी येते.

त्याच वर्षी अमरावतीला संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं आणि लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. जोशींचं म्हणणं साधं पण झोंबणारं होतं, तुम्ही सरकारकडे घामाचा दाम मागता न् घरच्या लक्ष्मीच्या घामाचं काय, आधी ते देणं फेडा. नवऱ्यानं राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्ती गाव, तिथं जोशी स्वतः जायचे. राजीखुशीनं यासाठी की कायद्यात जोरच नव्हता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात विधवेला वाटा आहे, पण नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या वावरावर बायकोचा हक्क नाही. 1992 मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावा. याची किंमत आपल्याकडच्या बायांना जास्त कळते, नवरा कर्जापायी गेला की सातबारा सासऱ्याच्या नावावर निघतो, मग सोसायटीचं पीककर्ज असो की सरकारी मदत, तिला आधी दिरा-सासऱ्याच्या तोंडाकडं पाहावं लागते.

राळेगावजवळच्या रावेरीचं सीतामंदिरही जोशींच्याच पुढाकारानं नव्यानं उभं राहिलं. रामानं टाकलेली सीता तिथं होती, गावानं पसाभर गहू दिला नाही म्हणून तिनं शाप दिला न् गावात गहू होईना, अशी कथा. नास्तिक म्हणवणाऱ्या माणसाला हेच देऊळ का सुचलं, तर ते टाकलेल्या बाईचं आहे म्हणून.

आता ते 2010 चं विरोधी मत. बिलात राखीव जागा दर निवडणुकीला फिरणार होत्या. बाईनं पाच वर्षं मतदारसंघ बांधायचा न् पुढच्या खेपेला तो खुला, मग तिकीट पार्टीच्या मर्जीवर, आणि जी येईल ती कोणाची तरी बायको नाहीतर सून. जोशींचा विरोध या फिरत्या जागांना होता. मला हे अर्धंच पटते, कारण मेटीखेडा काही गावोगावी झालं नाही, आरक्षण आलं नसतं तर आपल्या कितीतरी ग्रामपंचायतीत आजही बाई दिसली नसती. पण फिरतीचा मुद्दा खराच होता. जोशी 12 डिसेंबर 2015 ला गेले, आणि 2023 मध्ये महिला आरक्षणाचा जो कायदा पास झाला त्यात जागा दर निवडणुकीला नाही, मतदारसंघांच्या दर फेररचनेनंतर फिरणार आहेत.