बदलत्या नोंदी आणि जुने रिपोर्ट : डेटा वेअरहाऊस करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

नवीन ग्राहकांशी पहिली बैठक झाली की एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. गेल्या वर्षी मार्चअखेरीस काढलेला विभागवार विक्रीचा रिपोर्ट फाइलला लावलेला असतो. आज त्याच वर्षाचा तोच रिपोर्ट पुन्हा काढला, तर एकूण विक्री पैशांसकट जुळते, पण विभागांचे आकडे मात्र जुळत नाहीत. बिलांना कोणी हात लावलेला नसतो. बदललेला असतो तो मास्टर, म्हणजे ग्राहक, वस्तू वगैरेंच्या मूळ नोंदींची यादी. मधल्या काळात काही दुकाने एका विक्री प्रतिनिधीकडून काढून दुसऱ्याकडे दिलेली असतात आणि दुकानाच्या नावापुढे जुन्या प्रतिनिधीचे नाव पुसून नवे लिहिलेले असते. रिपोर्ट रक्कम बिलावरून उचलतो, पण प्रतिनिधीचे नाव आजच्या मास्टरवरून घेतो. त्यामुळे गेल्या वर्षीची विक्री आजच्या माणसाच्या खात्यावर पडते आणि इन्सेंटिव्हचा हिशेब करताना वादाला तोंड फुटते.

हा रोजच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. आज माल कोणत्या पत्त्यावर धाडायचा आणि उधारी कोणाकडे मागायची, एवढेच त्याला सांगायचे असते. डेटा वेअरहाऊस, म्हणजे रिपोर्टसाठी जुनी-नवी माहिती एकत्र साठवणारे कोठार, याचे काम निराळे आहे. या विषयातले तज्ज्ञ बिल इनमन यांनी त्याची जी व्याख्या केली, तिच्यात माहिती काळाशी बांधलेली असावी आणि एकदा आत आलेली माहिती पुसली जाऊ नये, या दोन अटी आहेत. आता मास्टरमधली नोंद बदलली की वेअरहाऊसमध्ये नेमके काय करायचे, याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. याच विषयातले दुसरे तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी नव्वदच्या दशकात त्यांना टाइप एक, दोन, तीन असे क्रमांक दिले आणि या व्यवसायात आजही तेच क्रमांक चालतात. पद्धत राबवणे आमचे काम आहे. मात्र कोणत्या रकान्याला कोणती पद्धत लावायची, हे आपल्याखेरीज कोणीही ठरवू शकत नाही. हे पत्रक त्यासाठीच आहे.

दुरुस्ती आणि बदल

समजा, एका दुकानाच्या पत्त्यात ‘मिरज’ होते तिथे आज ‘सांगली’ दिसते. दुकान खरोखर मिरजेहून सांगलीला गेले असेल, तर तो बदल आहे आणि मिरजेचा काळ जपायला हवा. दुकान पहिल्यापासून सांगलीतच होते आणि नोंद करणाऱ्याच्या हातून चूक झाली होती, असे असेल तर ती दुरुस्ती आहे. चुकीला इतिहास म्हणून सांभाळण्यात काही अर्थ नाही. दोन्ही प्रसंगी आमच्या संगणकाला जे दिसते ते अक्षरशः सारखेच असते : काल एक शब्द होता, आज दुसरा आहे. हा फरक ओळखून देणारे सॉफ्टवेअर आमच्या तरी पाहण्यात नाही. म्हणून मास्टरमध्ये फेरफार करणाऱ्या आपल्या सहकाऱ्याने ‘दुरुस्ती’ की ‘बदल’ एवढी एक खूण करावी आणि बदल असेल तर तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे लिहावे, अशी आमची आग्रहाची विनंती असते.

दुरुस्तीसाठी टाइप एक वापरतात, म्हणजे जुने पुसून नवे लिहितात. खऱ्या बदलासाठी टाइप दोन, म्हणजे जुनी ओळ जागच्या जागी ठेवून त्याच ग्राहकाची नवी ओळ उघडतात. टाइप तीनमध्ये ओळ एकच राहते, फक्त ‘पूर्वीचे’ असा एक जादा रकाना जोडला जातो. जन्मतारीख किंवा पहिल्या बिलाची तारीख यांसारख्या, एकदा लिहिल्यावर कधीच न बदलणाऱ्या नोंदी टाइप शून्य समजतात.

ठाणे, पालघर आणि नामांतरे

महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कोणालाही जिल्ह्याच्या रकान्यावरून हा विषय चांगला समजतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. वसईतील एखादा ग्राहक जागचा हललेला नाही, पण त्याचा जिल्हा बदलला. उदाहरणादाखल त्याचा ग्राहक क्रमांक १०४२ धरू. टाइप दोनमध्ये त्याच्या दोन ओळी होतील. पहिली ओळ, अंतर्गत क्रमांक ५०१ : वसई, जिल्हा ठाणे, १ एप्रिल २०११ पासून १ ऑगस्ट २०१४ पर्यंत. दुसरी ओळ, अंतर्गत क्रमांक ५८८ : वसई, जिल्हा पालघर, १ ऑगस्ट २०१४ पासून ३१ डिसेंबर ९९९९ पर्यंत. ही शेवटची तारीख पाहून आमचे ग्राहक हसतात. तिचा अर्थ ‘अद्याप चालू’ एवढाच आहे. २० जुलै २०१४ चे बिल ५०१ ला जोडले जाते आणि १ ऑगस्टचे ५८८ ला. ग्राहक क्रमांक दोन्ही ओळींत १०४२ च राहतो. या अंतर्गत क्रमांकाला सरोगेट की म्हणतात. तो आम्ही देतो आणि तो आपल्या कोणत्याही बिलावर छापला जात नाही.

१ ऑगस्ट ही तारीख दोन्ही ओळींत आहे, ती चुकून नव्हे. ‘पासून’ची तारीख त्या ओळीत धरायची आणि ‘पर्यंत’ची धरायची नाही, असा आमचा नियम आहे. हा नियम न पाळता दोन्ही तारखा धरल्या, तर बदलाच्या दिवसाची बिले दोनदा मोजली जातात. ही चूक वर्षाच्या बेरजेत फार बारीक दिसते, म्हणूनच ती महिनोन्महिने सापडत नाही.

आता खरा प्रश्न असा की २०१२ सालच्या वसईच्या विक्रीसाठी आपल्याला कोणता जिल्हा दिसायला हवा? त्या वेळच्या रिपोर्टशी ताळा जुळवायचा असेल तर ठाणे. पालघरमध्ये दहा वर्षांत धंदा कसा वाढला हे पाहायचे असेल तर पालघर, कारण तसे न केल्यास २०१४ पूर्वी तिथे शून्य विक्री दिसेल आणि पुढची वाढ खोटी वाटेल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. आम्ही बहुतेक वेळा ‘तेव्हाचा जिल्हा’ आणि ‘आजचा जिल्हा’ असे दोन रकाने देतो. पण रिपोर्टच्या शीर्षकात कोणता वापरला आहे ते छापावे, असा हट्टही धरतो.

नामांतराचे गणित याहून सोपे आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. इथे जिल्हा फुटलेला नाही, फक्त नाव बदलले आहे. इथे टाइप दोन लावला तर एकाच जिल्ह्याची विक्री दोन नावांत विभागून दिसते आणि आलेख मध्येच तुटतो. म्हणून नवे नाव जुन्यावर लिहावे आणि जुनी कागदपत्रे शोधता यावीत यासाठी ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना ठेवावा, हे आमचे मत आहे.

जीएसटीचा दर कुठे ठेवायचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून तुपाचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि सिमेंटचा २८ वरून १८ वर. पुष्कळ ग्राहक दराचा रकाना वस्तूंच्या मास्टरमध्ये टाइप दोनने ठेवायला सांगतात. ते चूक नाही, पण पुरेसेही नाही. प्रत्यक्षात जो दर आकारला तो बिलाच्या प्रत्येक ओळीवर आकड्यात उतरलेलाच असावा, कारण तो त्या व्यवहाराचा भाग आहे. ऑगस्टमध्ये विकलेले तूप ऑक्टोबरमध्ये परत आले, तर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, मूळ बिलाच्याच दराने निघते. तिथे क्रेडिट नोटच्या तारखेवरून मास्टरमधला दर शोधणारा रिपोर्ट हमखास फसतो.

सतत बदलणाऱ्या गोष्टींनाही मास्टरमध्ये जागा देऊ नये. ग्राहकाची थकबाकी रोज हलते. तिच्यासाठी टाइप दोन वापरला तर एकेका दुकानाच्या वर्षाला शेकडो ओळी होतील. थकबाकीची दर महिनाअखेरची स्थिती आम्ही वेगळ्या टेबलमध्ये नोंदवतो.

उशिरा कळवलेले बदल

प्रतिनिधी १ जूनपासून बदलला, पण मास्टरमध्ये नोंद २० जूनला झाली, हे नेहमीचेच आहे. रात्री कालच्या आणि आजच्या मास्टरची तुलना करताना आम्हाला तो बदल २० तारखेचा वाटतो आणि आधीच्या १९ दिवसांची बिले जुन्या प्रतिनिधीकडेच राहतात. लागू तारीख कळवली, तर ती बिले आम्ही मागे जाऊन योग्य ओळीला जोडतो. मात्र मधल्या काळात एखादा रिपोर्ट बाहेर गेला असेल, तर तो तेव्हा तसा का निघाला हेही सांगता यायला हवे. त्यासाठी बदल कधी लागू झाला आणि आमच्याकडे कधी पोहोचला, अशा दोन तारखा ठेवाव्या लागतात. याने काम वाढते, म्हणून इन्सेंटिव्ह किंवा ऑडिट ज्यावर अवलंबून आहे तेवढ्याच रकान्यांना आम्ही ही सोय देतो.

वेअरहाऊसमधून स्वतः एक्सेलमध्ये माहिती ओढणाऱ्यांनी ग्राहकांची संख्या ओळी मोजून काढू नये. ग्राहक ८०० असले तरी ओळी ११३० असू शकतात. मोजणी ग्राहक क्रमांकावरून करावी, किंवा फक्त ‘चालू’ खूण असलेल्या ओळी घ्याव्यात.

काम सुरू होण्यापूर्वी

आम्ही आपल्या मास्टरमधील रकान्यांची यादी पाठवू. प्रत्येकापुढे ‘पुसून लिहा’, ‘इतिहास ठेवा’ किंवा ‘विचारून ठरवा’ यांपैकी एक लिहून ती परत करावी. ती एकट्या लेखापालाने भरू नये. विक्री विभागाच्या प्रमुखांना शेजारी बसवावे, कारण दोघांची उत्तरे बऱ्याचदा निराळी निघतात. आज पुसले जाणारे नाव उद्या टाइप दोन लावून परत मिळत नाही. इतिहास आमचे काम सुरू झाल्या दिवसापासूनच साठू लागतो. त्याआधीचा काही भाग फक्त वर्षअखेरीच्या जुन्या बॅकअपमधून मिळवता येतो, तेव्हा कपाटातील जुना कॉम्प्युटर किंवा हार्डडिस्क भंगारात देण्यापूर्वी कृपया एकदा आम्हाला दाखवावी.