गाइडलाइन लिहिणे आणि खर्चाचे भान: डॉक्टरांच्या प्रशिक्षणात हे दोन विषय एकत्र कसे आले

१९७३ साली जॉन वेनबर्ग आणि अ‍ॅलन गिटेलसन यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील रुग्णालयांच्या नोंदी भागवार मांडल्या. टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण एका भागात दर १०,००० लोकांमागे १३ होते, तर दुसऱ्या भागात १५१. एकाच छोट्या राज्यात आजाराचे प्रमाण इतके बदलत नाही. बदलत होती ती डॉक्टरांची सवय. त्यातून दोन प्रश्न उभे राहिले: योग्य उपचार कोणता, आणि गरज नसताना झालेल्या उपचाराची किंमत कोण मोजतो? मूळ एकच असले तरी पुढची कित्येक वर्षे पहिला प्रश्न तज्ज्ञांच्या समित्यांकडे राहिला आणि दुसरा हिशेब विभागाकडे. ही फारकत महागात पडली. वॉर्डात ऑर्डर लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला यातले काहीच कोणी शिकवत नव्हते.

गाइडलाइन म्हणजे एखाद्या आजारात काय करावे याच्या लेखी शिफारसी. त्या लिहिण्याची सुरुवातीची पद्धत साधी होती. नामवंत तज्ज्ञांना एकत्र बोलवायचे आणि त्यांचे एकमत झाले की ते छापायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९७७ मध्ये अशा सहमती परिषदा सुरू केल्या. या पद्धतीतला दोष १९९२ मध्ये आकड्यांनिशी समोर आला. हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांच्या चाचण्या एलियट अँटमन आणि सहकाऱ्यांनी कालक्रमाने एकत्र केल्या आणि त्या त्या वर्षीच्या तज्ज्ञ-लेखांशी ताडून पाहिल्या. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा फायदा चाचण्यांत केव्हाच सिद्ध झाला होता, तरी लेखांत त्यांची शिफारस यायला अनेक वर्षे लागली. उलट, फायदा न दिसलेल्या लिडोकेन या ठोके नियमित ठेवण्याच्या औषधाची शिफारस चालूच राहिली. अकाली प्रसूतीच्या वेळी आईला स्टेरॉइड दिल्याने बाळाच्या फुफ्फुसांना होणारा लाभ १९७२ च्या चाचणीत दिसला होता. त्यावरची अमेरिकी सहमती परिषद भरली १९९४ मध्ये. मधल्या काळात वाचू शकली असती अशी बाळे दगावली. म्हणूनच पुरावा पद्धतशीरपणे गोळा करणे हे आम्हाला निव्वळ अभ्यासकांचे काम वाटत नाही.

पुराव्यावर बोट ठेवून लिहिले तरी वाट सोपी नव्हती. अमेरिकेने १९८९ मध्ये या कामासाठी एक सरकारी संस्था काढली. तिने डिसेंबर १९९४ मध्ये तीव्र कंबरदुखीवर गाइडलाइन काढली आणि बहुतेक रुग्णांना सुरुवातीच्या काळात एक्स-रे किंवा शस्त्रक्रियेची गरज नसते असे म्हटले. मणक्याच्या शस्त्रवैद्यांचा एक गट खवळला, संसदेत संस्था बंद करण्याची मागणी झाली आणि तिच्या निधीला कात्री लागली. १९९६ नंतर तिने स्वतः गाइडलाइन काढणे थांबवले. इंग्लंडमध्ये १९९९ साली उपचारांबाबत शिफारसी करणारी नाइस ही संस्था सुरू झाली. तिने परिणाम आणि खर्च यांचा विचार पहिल्यापासून एकत्र ठेवला.

प्रशिक्षणात शिकवण्याजोगी ठोस पद्धत आली ती २००० नंतर, पुरावा आणि शिफारसी जोखण्याची पद्धत आखणाऱ्या ग्रेड या गटाच्या कामातून. पहिली पायरी प्रश्नाची. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि कोणता परिणाम मोजायचा, हे चारही भाग प्रश्नात असावे लागतात. नवखे गट इथेच अडखळतात. ‘मधुमेहाचे उपचार’ हा प्रश्न नाही, ते पुस्तकाचे प्रकरण झाले. पुढे प्रत्येक परिणामाला १ ते ९ गुण द्यायचे. ७ ते ९ म्हणजे निर्णायक. हे पुरावा शोधण्याआधीच करायचे, नाहीतर ज्याचे आकडे सापडले तेच महत्त्वाचे वाटू लागते. मृत्यू आणि अपंगत्व बाजूला पडते आणि रक्तातली एखादी पातळी केंद्रस्थानी येते. अशा पातळीच्या भरवशावर राहण्याचा धडा १९८९ मध्ये कास्ट चाचणीने दिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे अनियमित ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी कमी होत होते, पण ही औषधे घेणारे रुग्ण जास्त मरत होते.

मग पुराव्याची खात्री ठरवायची: उच्च, मध्यम, कमी किंवा अतिकमी. यादृच्छिक चाचण्यांचा, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या चाचण्यांचा, पुरावा उच्चपासून सुरू होतो आणि पाच कारणांनी खाली येतो. ती म्हणजे पक्षपाताचा धोका, निष्कर्षांतली विसंगती, अप्रत्यक्षता (पुरावा वेगळ्याच रुग्णांवरचा किंवा उपचाराचा असणे), आकड्यांची अचूकता कमी असणे आणि नकारात्मक निकाल अप्रकाशित राहणे. शिफारसीचे बळ, म्हणजे ती किती ठामपणे करायची, ही वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची गल्लत ही शिकाऊ गटांची नेहमीची चूक. दुसरी चूक आकडा मांडण्यातली. धोका ४ टक्क्यांवरून ३ वर आला तर ‘२५ टक्के घट’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात १०० जणांना औषध दिले तर एकाचा फायदा होतो. खर्च त्या १०० जणांचा धरायचा असतो.

खर्चाचा विचार शिकवायला १९७५ चे एक उदाहरण अजून कामी येते. मोठ्या आतड्याचा कर्करोग शोधण्यासाठी शौचातील रक्ताची तपासणी लागोपाठ सहा वेळा करावी, अशी शिफारस तेव्हा होती. डंकन न्यूहाउसर आणि लेविकी यांनी १०,००० लोकांत ७२ कर्करोग आहेत असे धरून गणित केले. पहिल्याच तपासणीत सुमारे ६६ रुग्ण सापडतात, दुसरीत आणखी साडेपाच. सहाही तपासण्यांचा मिळून सरासरी खर्च एका रुग्णामागे २,४५१ डॉलर येतो, म्हणजे रास्त दिसतो. पण फक्त सहाव्या तपासणीने वाढलेला खर्च तिनेच शोधलेल्या रुग्णांवर टाकला, तर एका रुग्णामागे ४ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक होतो. प्रत्येक तपासणीतली चूक आधीच्या चुकीपासून स्वतंत्र असते हे त्यातले गृहीतक कच्चे आहे, आणि वर्गात ते विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. तरीही सरासरी खर्च आणि वाढीव खर्च यांतला फरक याहून लख्ख कुठे दिसत नाही. रोज सकाळी सवयीने लिहिल्या जाणाऱ्या रक्ततपासण्यांनाही हेच गणित लागू होते.

दोन्ही प्रवाह जुळायला २०१० उजाडले. हॉवर्ड ब्रॉडी यांनी प्रत्येक वैद्यकशाखेला आपल्याच क्षेत्रातल्या पाच कमी उपयोगाच्या तपासण्या किंवा उपचारांची यादी करायला सुचवले. एप्रिल २०१२ मध्ये नऊ संघटनांच्या याद्यांनी ‘चूझिंग वाइजली’ मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने निवासी डॉक्टरांसाठी खर्चाचे भान शिकवणारा अभ्यासक्रम आणला. यादी करणे ही छोटीशी गाइडलाइनच असते. प्रश्न, पुरावा, हितसंबंधांची नोंद, मतदान, सगळे त्यात येते. निवासी डॉक्टरांनी अशी एक शिफारस स्वतः लिहिली की दुसऱ्यांच्या गाइडलाइनमधल्या फटीही त्यांना दिसू लागतात. गाइडलाइन जुनी होते हेही लक्षात येते. पॉल शेकेल यांच्या २००१ च्या अभ्यासात निम्म्या गाइडलाइन सुमारे ५.८ वर्षांत कालबाह्य ठरल्या होत्या.

नुसते दरपत्रक दाखवून मात्र भागत नाही. १९९० मध्ये विल्यम टियर्नी यांच्या प्रयोगात संगणकावर किंमत दिसत असताना डॉक्टरांनी सुमारे १४ टक्के कमी तपासण्या लिहिल्या. किंमत दाखवणे बंद झाल्यावर हा परिणाम टिकला नाही. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात खर्चिक भागात निवासी म्हणून शिकलेले डॉक्टर पुढे इतरत्र गेल्यावरही जास्त खर्च करताना आढळले. २०१५ मध्ये लोरेट स्टॅमेन आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना तीन गोष्टी एकत्र लागतात असे दिसले: माहिती देणे, स्वतःच्या ऑर्डरी तपासून त्यावर अभिप्राय मिळणे आणि पाठबळ देणारे वातावरण. यातली तिसरी सर्वात अवघड, कारण ती वर्गाबाहेर असते. राउंडवर वरिष्ठ डॉक्टर ‘ही तपासणी का केली नाही?’ एवढेच विचारत असतील, तर निवासी डॉक्टर ती लिहूनच ठेवतो. त्यामुळे अभ्यासक्रम आखताना आधी वरिष्ठांचे सत्र घ्यावे, महिन्याच्या ऑर्डरींचा तक्ता त्यांच्यासमोरही ठेवावा आणि ‘या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?’ हा प्रश्न राउंडच्या ठरलेल्या प्रश्नांत घालावा.