इंग्लंड-वेल्समधील कौटुंबिक मध्यस्थी: नोंदणीकृत मध्यस्थ, पात्रता आणि कागदपत्रे

इंग्लंड व वेल्समध्ये विभक्त झालेल्या जोडप्यातील कोणालाही, मुले कोणाकडे राहतील किंवा मालमत्ता कशी वाटली जाईल यासाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करायचा असल्यास, त्याआधी मध्यस्थाबरोबरच्या एका माहिती व मूल्यमापन बैठकीला हजर राहावे लागते. व्यवहारात 'मायम' या नावाने ओळखली जाणारी ही बैठक २०१४ च्या कायद्याने बंधनकारक झाली. केवळ घटस्फोटाच्या अर्जासाठी ती लागत नाही.

ही बैठक कोण घेऊ शकतो, हे 'फॅमिली मीडिएशन कौन्सिल' ठरवते. 'कौटुंबिक मध्यस्थ' हे बिरुद तेथे कायद्याने राखीव नसल्यामुळे कोणीही ते लावू शकतो. मात्र न्यायालयाच्या अर्जावर बैठकीचा दाखला म्हणून सही चालते ती कौन्सिलने त्यासाठी पात्र ठरवलेल्या मध्यस्थाचीच. म्हणून कोणाच्या शिफारशीवर विसंबण्याआधी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव पाहावे. नोंदवही, आचारसंहिता आणि तक्रारींचे काम कौन्सिलचे मानक मंडळ पाहते. मान्यता मिळवण्यासाठी उमेदवाराला मंजूर प्रशिक्षण पूर्ण करून अनुभवी सल्लागाराच्या देखरेखीखाली काम करावे लागते आणि प्रत्यक्ष प्रकरणांवर आधारित कामाचा संच मूल्यमापनासाठी सादर करावा लागतो. कौन्सिल स्वतः वाद सोडवत नाही. मध्यस्थ आपणच निवडायचा असतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड तिच्या कक्षेबाहेर आहेत.

बैठक एकट्याने घेता येते, त्यामुळे जोडीदार यायला तयार नाही म्हणून अर्ज अडत नाही. अर्जापूर्वीच्या चार महिन्यांत ती झालेली असावी. कौटुंबिक हिंसाचाराचा पुरावा, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न किंवा तातडी असल्यास सूट मिळते. पण २९ एप्रिल २०२४ पासून सुटीचे निकष कडक झाले असून, न्यायालयाबाहेर तडजोडीविषयी आपली भूमिका 'एफएम५' या नमुन्यात कळवावी लागते.

बैठकीसाठी फारशी कागदपत्रे लागत नाहीत. सरकारी कायदेविषयक साहाय्य हवे असल्यास वेतनचिठ्ठ्या, बँकेची विवरणे आणि मिळणाऱ्या भत्त्यांची पत्रे द्यावी लागतात. एक पक्ष पात्र ठरला तर दोघांचीही ही बैठक मोफत होते. मुलांविषयीच्या वादात, निधी उपलब्ध असेपर्यंत, मार्च २०२१ पासूनच्या योजनेतून ५०० पौंडांपर्यंत मदत मिळते आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पैशांच्या वादात मात्र काम वाढते. बँकेची विवरणे, घराचे मूल्यांकन, शिल्लक गृहकर्ज आणि निवृत्तिवेतनाचे मूल्य यांची कागदपत्रे दोघांनीही उघड करायची असतात. आपल्या मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे: पुण्यातला फ्लॅट, भारतातल्या मुदतठेवी, भविष्य निर्वाह निधी किंवा वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा हेही दाखवावे लागते, कारण माहिती जगभरातल्या मालमत्तेची मागितली जाते. 'ते तिकडचे आहे' हे उत्तर चालत नाही. मध्यस्थीतली चर्चा गोपनीय राहते. ही आर्थिक माहिती मात्र पुढे न्यायालयात वापरता येते.

बोलणी यशस्वी झाली तरी मध्यस्थाने लिहिलेला समझोत्याचा मसुदा कायद्याने बंधनकारक नसतो. पैशांविषयीच्या सहमतीचा आदेश वकिलाकडून तयार करून न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागते. मध्यस्थाच्या वागणुकीबद्दल तक्रार असल्यास ती आधी त्याच्याकडेच लेखी करावी. तेथे निराकरण झाले नाही तरच मानक मंडळाकडे जाता येते.